पेव उघडताना

सतरा वर्षं मी दुसऱ्यांची देणी-येणी लिहिली. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळदीच्या एका पेढीवर मी हिशेबाला होते. कुणाची किती पोती आली, सौद्यात काय दर निघाला, हमाली-तोलाई वजा जाता पट्टी किती झाली, कुठल्या गावच्या कुणी किती उचल नेली, सगळं माझ्या हातून जायचं. आधी जाड लाल वह्या होत्या, नंतर संगणक आला. मार्चअखेरीला ताळेबंदात एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय मी घरी गेले नाही. आणि माझी स्वतःची नोकरी गेली तेव्हा आमच्या घरावर एकूण देणं किती आहे, हे मी आठ महिने एकाही कागदावर मांडलं नाही. मांडता येत नव्हतं असं नाही. कागदावर आलं की ते खरं होईल, अशी भीती होती.

हे लिहायला मला दोन वर्षं लागली. आता लिहिते आहे, कारण माझ्या ओळखीतल्या कितीतरी घरांत ही अशी न मांडलेली बेरीज पडून आहे.

जानेवारी २०२३ मध्ये पेढी बंद झाली. मालकांचं वय झालं होतं, मुलाला यार्डात रस नव्हता. दोन पगार हातात देऊन आम्हाला घरी पाठवलं. पगार होता सोळा हजार. आमचे हे दुसऱ्याचा टेम्पो चालवतात, कुपवाड एमआयडीसीतून माल भरून कोल्हापूर-इचलकरंजी. महिन्याला तेरा-चौदा हजार, गाडी उभी राहिली तर तेही नाही. घर हरिपूर रस्त्याच्या बाजूला. २०१९ च्या ऑगस्टात आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, तेव्हा आमच्या घरात छातीइतकं पाणी होतं. त्यानंतर घर उभं करायला गृहकर्ज वाढवून घेतलं. हप्ता ८,२०० रुपये. दोघं कमावत होतो तोवर तो कधी चुकला नाही.

महिन्याभरात दुसरीकडे लागेन, असं मला अगदी मनापासून वाटत होतं. म्हणून पहिला हप्ता भरायला मी सोन्याच्या पाटल्या गहाण ठेवल्या. कर्ज थोडंच घ्यायचं होतं. पण काउंटरवरच्या मुलीनं वजन करून सांगितलं, की यावर एक लाख तीस हजार मिळतील, आणि मीही मान हलवली. घरात ह्यांना सांगितलं की पेढीकडून थोडे पैसे यायचे होते ते आले. हे पहिलं खोटं. त्यानंतर प्रत्येक कर्जामागे एक खोटं येत गेलं.

ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर म्हणतात ना, तसं. सोन्याचे पैसे घरात, मुलाच्या फीमध्ये आणि हप्त्यात चार महिन्यांत विरघळले. मग गल्लीतल्या बायकांच्या गटातून, लहान कर्जं देणाऱ्या एका कंपनीचं, चाळीस हजारांचं कर्ज. मग बहिणीकडून हातउसने पंचवीस हजार. मग एका ओळखीच्या बाईनं एका माणसाचं नाव सांगितलं, त्याच्याकडून तीस हजार, शेकडा दहानं. शेकडा दहा म्हणजे महिन्याला. तीस हजारांवर दर महिन्याला तीन हजार नुसतं व्याज, मुद्दल आहे तिथंच. मी हिशेबाची बाई. वर्षाला १२० टक्के होतात हे मला त्या खोलीत उभ्या उभ्या कळलं होतं. तरीही मी कोऱ्या चेकवर सही करून दिली, कारण दुसऱ्या दिवशी गटाचा हप्ता होता.

त्या गटाच्या बैठकीबद्दल थोडं लिहायला हवं. दर गुरुवारी सकाळी साडेनऊला एकीच्या ओसरीवर आम्ही दहा जणी सतरंजीवर बसायचो. कंपनीचा मुलगा यायचा, पंचविशीचा असेल, पाठीवर काळी बॅग. तो वागायला वाईट नव्हता. पण नियम असा, की दहाही जणींचे पैसे जमेपर्यंत कुणी उठायचं नाही. एकदा माझे तीनशे कमी पडले. मुलगा मान खाली घालून मोबाइल बघत बसला. कुणी काही बोललं नाही. एकीला शाळेत डबा द्यायला जायचं होतं, ती सारखी दाराकडे बघत होती. शेवटी कोपऱ्यात बसलेल्या भाजीवालीनं कमरेचा बटवा सोडला, त्यातून दहा-वीसच्या नोटा काढल्या, त्या मांडीवर सरळ केल्या, दोनदा मोजल्या आणि माझ्याकडे न बघता सतरंजीवर सरकवल्या. घामानं ओल्या नोटा होत्या. तिच्या त्या दिवसाच्या मालाचे पैसे होते ते. तो गुरुवार मी विसरणार नाही.

अशा घरांना किती कर्ज द्यावं याचा नियम आहे, हे मला फार उशिरा कळलं. रिझर्व्ह बँकेनं २०२२ मध्ये ठरवून दिलंय, की वर्षाला तीन लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या घराला असं बिनतारणाचं कर्ज देताना, त्या घराचे सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. सगळ्या कर्जांचे, त्या एकाचेच नव्हे. फॉर्म भरताना मला घरातलं उत्पन्न विचारलं होतं. मी पेढीचा पगार सांगितला होता, जो बंद होऊन पाच महिने झाले होते. विचारणाऱ्यालाही घाई होती आणि मलाही.

सगळ्यात शेवटी मोबाइलवरचं अ‍ॅप. पंधरा हजार मंजूर झाले, खात्यात ९,६०० आले आणि आठव्या दिवसापासून फोन सुरू झाले. तेवढं एकच लिहून पुढं जाते, कारण त्या दिवसांतल्या रात्रींत काय काय मनात यायचं ते इथे मांडण्यासारखं नाही. ज्यांच्या मनात आज तसं काही येत असेल त्यांनी १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे मानसिक आधाराच्या सरकारी सेवेचा, नंबर फिरवावा. मराठीत बोलता येतं, पैसे पडत नाहीत.

माझे वडील हरिपूरला पेवांवर काम करायचे. नवीन माणसांना पेव माहीत नसेल. जमिनीत खोल खणलेलं, तोंडाशी अरुंद आणि आत घागरीसारखं फुगत गेलेलं कोठार. त्यात हळद भरायची, तोंड मातीनं बंद करायचं. वर्ष-दोन वर्षं हळदीला कीड लागायची नाही की रंग उतरायचा नाही. सांगलीच्या हळदीचं नाव त्या मातीतल्या पेवांवर मोठं झालं. २००५ च्या पुरात पाणी शिरून किती पेवं कायमची गेली. वडील सांगायचे, पेव उघडलं की लगेच कुणी उतरायचं नाही. आत हवा नसते. तोंड मोकळं सोडायचं, मग कंदील दोरीला बांधून खाली सोडायचा. कंदील जळत राहिला तरच माणूस उतरायचा, आणि उतरणाऱ्याच्या दोरीचं दुसरं टोक वरच्या माणसाच्या हातात असायचं. एकटं कुणी कधी उतरलेलं त्यांना आठवत नव्हतं.

ही आठवण मला उगाच आली नाही, माझ्या दोरीचं टोक धरणारा माणूसही मला भेटला. त्या भाद्रपदात गणपतीच्या देवळात चोर गणपती बसून दोन दिवस झाले होते. चतुर्थीच्या आधी, गाजावाजा न करता बसणारा हा सांगलीचा गणपती. दर्शन घेऊन येताना शेजारचे काका भेटले. पतसंस्थेत तीस वर्षं वसुलीला होते, आता निवृत्त. म्हणाले, "सूनबाई, तब्येत बरी नाही का? चेहरा उतरलाय." मी बरं आहे म्हणाले आणि तिथंच, फुलवाल्याच्या टोपल्यांजवळ, मला रडू फुटलं. त्यांनी काही विचारलं नाही. "संध्याकाळी या घरी. काकू आहेत. येताना सगळे कागद आणा, चिठ्ठ्या-चपाट्यासुद्धा," एवढंच म्हणाले.

वसुलीवाल्या माणसाकडे कर्ज सांगायला जायचं, याची मला लाज वाटत होती. आज वाटतं, त्यांच्याइतका योग्य माणूस दुसरा नव्हता. त्यांनी शेकडो थकलेली घरं आतून बघितली होती. आणि त्यांना माझ्याकडून काही यायचं नव्हतं, मला काही द्यायचं नव्हतं. नातेवाइकांना कर्ज सांगताना प्रत्येक वाक्यामागे "मला पैसे द्या" असं ऐकू जातं. त्यांच्यापुढे तसं नव्हतं.

काकूंनी चहा आणि भडंगाची वाटी ठेवली. काकांनी एक दोनशे पानी वही काढली. मी सुरुवात केली, "त्याचं असं झालं काका…" त्यांनी हात वर केला. "गोष्ट नंतर ऐकतो. आधी आकडे सांगा."

गृहकर्ज ६,४०,०००. सोनं १,३०,०००. गटाचं राहिलेलं ३१,०००. अ‍ॅपचं १५,०००. बहीण २५,०००. शेकडा दहावाला ३०,०००. किराणा दुकानाची उधारी ६,८००. बेरीज त्यांनी मला करायला लावली. ८,७७,८००. माझ्या मनात नेहमी "घर सोडून लाखभर असेल" असं होतं. घर सोडून २,३७,८०० होते. पण एक सांगते, तो आकडा लिहून झाल्यावर मला पहिल्यांदा नीट श्वास आला. आठ महिने जे रोज रात्री वेगवेगळ्या आकाराचं होऊन छातीवर बसत होतं, त्याला आता सहा आकडे होते, सातवा नव्हता.

मग काकांनी वहीचं समोरचं पान उघडलं. "आणि येणं?"

मी म्हटलं, येणं कुठलं काका, मला कुणाकडून काय यायचंय?

"पेढीवर किती वर्षं होता?"

सतरा.

"मस्टरवर माणसं किती?"

अकरा.

"मग ग्रॅच्युइटी घेतली का?"

मी गप्प झाले. ग्रॅच्युइटीचा कायदा तेव्हा १९७२ चा होता. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या दुकानाला, पेढीला लागू व्हायचा. पाच वर्षं सलग नोकरी झाली की दर वर्षामागे पंधरा दिवसांचा पगार, आणि महिना धरायचा सव्वीस दिवसांचा. हे सगळं मला माहीत होतं. आमच्या दिवाणजींना निवृत्त होताना मालकांनी दिली तेव्हा तो हिशेब मीच घातला होता. १६,००० गुणिले १५, भागिले २६, गुणिले १७. होतात १,५६,९२३ रुपये. पेढी बंद होताना मालकांचे डोळे भरून आले होते, त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला होता, आणि त्या क्षणी हा हिशेब तोंडातून काढणं मला कृतघ्नपणा वाटला. मग तो मी मनातूनही पुसून टाकला. देण्यांची यादी करताना येणं आठवत नाही माणसाला. कर्जात बुडालेला माणूस स्वतःला फक्त देणेकरी समजायला लागतो.

त्या संध्याकाळी काकांनी दुसरी एक गोष्ट केली. यादीतल्या प्रत्येक नावापुढे दोन रकाने पाडले. व्याज काय, आणि थकलं तर काय जाणार. मी तोवर जो जास्त ओरडेल त्याला आधी देत होते. अ‍ॅपवाले सर्वांत जास्त ओरडायचे, मग शेकडा दहावाल्याचा मोटारसायकलवरचा पोरगा. बँक ओरडत नव्हती, म्हणून तिचे दोन हप्ते थकवले होते. आणि जाणार होतं ते घर बँकेकडे होतं. काका म्हणाले, नव्वद दिवस उलटले की खातं थकीत धरतात. मग तुमच्यासमोर बसणारा माणूस बदलतो आणि भाषाही बदलते. त्याच्या आत शाखेत जायचं, स्वतः जायचं.

गेले. शाखेतल्या साहेबांना मी पेढी बंद झाल्याचं पत्र, ह्यांची गाडीची कमाई, सगळं एका कागदावर लिहून दिलं. ते मिनिटभर वाचत राहिले. म्हणाले, असं लिहून घेऊन येणारे फार कमी, बहुतेक जण नोटीस गेल्यावर येतात. मुदत वाढवून पंधरा वर्षं केली तर हप्ता साडेसहा हजारांच्या आसपास येईल, असं त्यांनी मांडून दाखवलं. महिन्याला सतराशे रुपये कमी. पण मी मनातल्या मनात दुसरा हिशेब केला: आधीच्या हिशेबानं पावणेदहा-दहा वर्षांत संपलं असतं, आता एकूण दोन लाख जास्त भरावे लागणार. शिवाय मुदत बदलल्याची नोंद पतइतिहासात राहते. हे दोन लाख कसले, असं कुणी विचारलं तर मी सांगेन, वेळेचे. आम्हाला वेळ विकत घ्यायची गरज होती आणि सगळ्या दुकानांत ती तिथंच स्वस्त मिळाली.

फक्त साहेब शेवटी म्हणाले, "मिस्टर सहकर्जदार आहेत. त्यांची सही लागेल. उद्या दोघं या."

घरी येताना मी विश्रामबागपासून चालत आले. बस केली नाही.

रात्री ह्यांचं जेवण झालं. मुलगा आत अभ्यासाला बसला होता. मी ताट उचललं आणि त्या जागेवर वही उघडून ठेवली. काही बोलले नाही. बोलायला लागले असते तर गोष्ट सुरू झाली असती. ह्यांनी चष्मा लावला. एकेका ओळीवर बोट ठेवत वाचायची त्यांना सवय आहे. सोन्याच्या ओळीवर बोट थांबलं. पाटल्या सासूबाईंच्या होत्या. मग खाली गेलं. शेकडा दहाच्या ओळीवर पुन्हा थांबलं. मोरीत नळ ठिबकत होता तेवढाच आवाज. ते उठले, मला वाटलं बाहेर जातायत. खुंटीवरच्या शर्टाच्या खिशातून पेन काढून परत आले, मांडी घातली आणि माझ्या शेवटच्या ओळीखाली त्यांच्या मोठ्या वाकड्या अक्षरात लिहिलं: गाडीमालक, उचल, १२,०००.

"मार्चपासून आहे," म्हणाले. "तुला कसं सांगायचं म्हणून…"

८,८९,८००. बेरीज दोघांनी मिळून खोडून पुन्हा लिहिली.

त्यानंतर ते मला एक शब्द वाईट बोलले नाहीत असं नाही. तीन-चार दिवस घरात फार जड होते. पाटल्यांवरून बोलले, आणि बोलणं बरोबर होतं. पण दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बँकेत आले आणि सही केली.

शेकडा दहावाल्याची मला सर्वांत जास्त भीती होती. काकांनी पहिला प्रश्न विचारला, त्याच्याकडे परवाना आहे का? मला हा प्रश्न सुचलाच नव्हता. महाराष्ट्रात सावकारीचा कायदा २०१४ चा आहे. परवाना असलेल्या सावकारालासुद्धा शेतकरी नसलेल्या माणसाकडून तारण असेल तर वर्षाला १५ टक्के आणि बिनतारणाला १८ टक्के, यापेक्षा जास्त व्याज घेता येत नाही. व्याजावर व्याज नाही. आणि व्याज म्हणून मुद्दलापेक्षा जास्त रक्कम वसूल करता येत नाही. आपल्याकडचं जुनं दामदुप्पट. परवान्याशिवाय धंदा केला तर पाच वर्षांपर्यंतची कैद आहे. तक्रार करायची ती तालुक्याच्या सहाय्यक निबंधकांकडे किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे, म्हणजे सहकार खात्यात. माझ्यासारख्या कितीतरी जणी पोलीस चौकीच्या दारापर्यंत जाऊन परत येतात, पण हे दार त्यांना माहीतच नसतं.

काकांनी मला आणखी एक जुनी गोष्ट सांगितली, ती मला फार आधाराची वाटली. १८७५ मध्ये पुणे आणि नगरकडच्या गावांत शेतकऱ्यांनी सावकारांचे कर्जरोखे काढून जाळले. त्यानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला, तो सुरुवातीला ज्या चार जिल्ह्यांना लागू केला त्यात सातारा होता. आपलं तासगाव, वाळवा, खानापूर तेव्हा सातारा जिल्ह्यातच होतं. त्या कायद्यानं न्यायाधीशाला सांगितलं, की रोख्यावर काय लिहिलंय एवढ्यावर थांबू नका. प्रत्यक्ष किती दिले, किती परत आले, सगळा व्यवहार मुळापासून तपासा. म्हणजे दीडशे वर्षांपूर्वीसुद्धा सरकारला कळलं होतं, की गरजेच्या वेळी माणूस कशावरही सही करतो.

आमचा व्यवहार आम्ही मुळापासून तपासला. तक्रार देईपर्यंतच्या सात महिन्यांत मी २१,००० दिले होते. अठरा टक्क्यांनी तीस हजारांवर सात महिन्यांचं व्याज होतं ३,१५०. बाकीचे १७,८५० मुद्दलात धरले तर राहतात १२,१५०. हा हिशेब आणि तक्रारीचा अर्ज आम्ही कार्यालयात दिला, पोहोच घेतली. पोहोचेवरचा तो जांभळा शिक्का मी किती वेळ बघत होते. आठवड्यानं तो माणूस स्वतः घरी आला. हे घरात होते, काकाही होते. फार बोलाचाली झाली नाही. १२,१५० घेतले, पावती लिहून दिली आणि माझा कोरा चेक टेबलावर ठेवला. मी तो काकूंच्या समोर चुलीत घातला. सगळ्यांचं इतक्या सहज सुटत नाही, हे मला माहीत आहे. काही गावांत असे लोक कुणाच्या जिवावर मोठे झालेले असतात ते मी यार्डात बघितलंय. पण जिथं परवाना नाही तिथं भीती दोन्ही बाजूंना असते, आणि आपल्याला फक्त आपलीच दिसत असते.

अ‍ॅपवाल्यांनी माझ्या फोनमधली सगळी नावं उचलली होती. असं करायला त्यांना रिझर्व्ह बँकेची परवानगी नाही. वसुलीचा फोनही सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करता येत नाही. पण नियम त्यांना दाखवणार कुठं? मी १९३० या सायबर फसवणुकीच्या तक्रार नंबरवर आणि सायबर पोलिसांकडे तक्रार दिली. आणि एक काम केलं जे मला कुणी सांगितलं नव्हतं. एका दुपारी वही घेऊन बसले आणि जवळच्या बावीस माणसांना मीच फोन केला. माझ्यावर कर्ज आहे, मी ते फेडते आहे, तुम्हाला माझ्याबद्दल घाणेरडा मेसेज आला तर पोलिसांत दिलंय म्हणून सांगा. पहिल्या फोनला आवाज फुटेना. सातव्या-आठव्याला फुटला. नणंदेला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "वहिनी, आमच्याकडेपण आहे ओ एक असंच." त्यानंतर कुणाला मेसेज आले तरी मला त्याचं काही वाटेना, आणि काही आठवड्यांत ते यायचे बंद झाले.

ग्रॅच्युइटीसाठी मी विजयनगरच्या न्यायालयात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात गेले. बाईमाणसाला तिथं उत्पन्नाची अट नाही, कुठल्याही स्त्रीला मोफत वकील मिळतो. १९८७ च्या कायद्यातच तसं आहे. बाकावर माझ्या शेजारी मिरजेचा एक माणूस होता, लोकअदालतीची नोटीस हातात घेऊन घाबरलेला. त्याला वाटत होतं, अटक होणार. तिथल्या बाईंनी त्याला समजावलं, की लोकअदालत म्हणजे तडजोड, कोर्ट फी नाही, पटलं तर सही करायची, नाही पटलं तर नाही. पण सही केली की त्यावर अपील नाही, म्हणून जमेल तेवढाच आकडा कबूल करा. हे शेवटचं वाक्य तिनं त्याला दोनदा सांगितलं. मला ती बाई फार आवडली.

माझ्या वतीनं वकीलबाईंनी पेढीच्या मालकांना पत्र लिहिलं. साधं पत्र, तारखा आणि तो गुणाकार. चार दिवसांनी मालकांचा फोन आला. मला वाटलं रागावतील. ते म्हणाले, "तू मागितली नाहीस ना तेव्हा." त्यांचंही बरोबर नव्हतं, आणि माझंही. पाच महिन्यांत तीन चेकनी पैसे आले. साठ, पन्नास आणि ४६,९२३. गटाचं कर्ज संपलं. सोन्याचं कर्ज निम्म्याहून बरंच खाली आलं. भाजीवालीला तीनशे रुपये द्यायला गेले तर तिला आठवतच नव्हतं. मी तरी दिले.

मी आता तीन लहान दुकानांचे हिशेब घरून लिहिते, जीएसटीची विवरणपत्रं भरते. सोळा हजार होत नाहीत, नऊ-साडेनऊ होतात. पाटल्यांपैकी एक सुटली, एक अजून आहे. बँकेचा हप्ता पाच तारखेला जातो, त्या दिवशी हे टेम्पोवरून लवकर येतात आणि आम्ही वही काढतो. दोन्ही पानं.

सर्वांत मागे राहिलंय ते बहिणीचं. तिनं कधी मागितले नाहीत, म्हणून ते नेहमी शेवटी गेले. आता महिन्याला हजार देते. परवा गेले तर ती ज्वारी निवडत होती. मी नोट पुढे केली, तिनं हात मागे घेतला. "राहू दे की आक्का, तुझी पाटली सुटू दे आधी."

मी म्हटलं, "घे. वहीत लिहून आलेय."

तिनं हात पदराला पुसले आणि घेतली.